स्टिकमधला बधिर अर्धा इंच

दर रविवारी दुपारी तीन ते सहा मी लढाऊ विमान उडवते. हे वाक्य लिहायला मला फार आवडतं, म्हणून आधीच लिहून टाकलं. विमान अर्थातच खरं नाही. नेरुळच्या आमच्या फ्लॅटमधल्या लहान खोलीत, इस्त्रीच्या टेबलाला खेटून, एका ऑफिसने टाकून दिलेलं टेबल आहे. त्यावर कॉम्प्युटर, उजव्या हाताला जॉयस्टिक, डाव्या हाताला इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा थ्रॉटल, खाली पायांनी दाबायची दोन पॅडल्स. स्क्रीनवर महायुद्धाच्या काळातलं विमान, नाकावर पंखा फिरणारं. ठिकठिकाणचे आम्ही पंधरा-वीस जण ऑनलाइन जमतो, दोन बाजू करतो आणि एकमेकांना पाडतो. चाळिशीनंतर बायकोला हे जे काही लागलंय त्यापेक्षा योगासनं परवडली असती, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे.

आमचं हे रणांगण ज्या सर्व्हरवर चालतं, त्याचे नियम ठरवायचं काम माझ्याकडे आहे. ते माझ्याकडे आलं ते माझ्या स्वभावामुळे. न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाचे कस्टमचे कागद तपासणं ही माझी नोकरी. एक आकडा चुकला की आख्खा कंटेनर अडकतो, आणि माझ्या सहीनंतर आजवर एकही अडकलेला नाही. घरात भाजीच्या पिशवीवर कुणी चुकीची तारीख लिहिली तरी मी ती खोडून नीट लिहिते. अशा बाईच्या हातात नियम दिले की काय होणार हे सांगायला नको.

खरेपणा किती ठेवायचा आणि खेळ किती, यावर आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी लढाईतसुद्धा झाली नाहीत. सगळं खरं ठेवून मी पाहिलंय. माणूस वीस मिनिटं इंजिनाचं तेल गरम करतो, पाऊण तास समुद्रावर हिंडतो, कुणी दिसत नाही, मग मागून कुणीतरी येतं आणि दोन सेकंदांत खेळ खलास. महिनाभरात आम्ही सात जण उरलो. मग सगळं सोपं केलं. विमानं पतंगासारखी वाटेल तशी वळायला लागली, प्रत्येकाच्या डोक्यावर नावाची पाटी तरंगायला लागली, आणि दोन रविवारांत सगळ्यांनाच कंटाळा आला. आमच्यात न्हावा शेवाचा एक क्रेन ऑपरेटर आहे, उरणकडचा. तीन वर्षं त्याचा फक्त आवाज ऐकतेय, तोंड पाहिलेलं नाही. तो एकदा वैतागून म्हणाला, “ताई, आठवडाभर क्रेनवर बसतू, आयतवारी पन तेल गरम व्हवाची वाट बगू काय?” त्याचं मी ऐकलं. इंजिन लवकर गरम होईल, पण नावाच्या पाट्या नाहीत आणि नकाशावर आपण कुठे आहोत हे दाखवणारा ठिपकाही नाही, असं ठरवून टाकलं. या तडजोडीचा मला इतका अभिमान होता की कुणी विचारलं नाही तरी मी ती समजावून सांगायचे.

अशाच एका रविवारी दारावरची बेल वाजली. पाचव्या मजल्यावरचे काका उभे होते. मूळचे साताऱ्याकडचे, पंचाहत्तरीला टेकलेले, सोसायटीत सगळ्यांना माहीत ते पाण्याच्या पंपामुळे. पंपाचं बेअरिंग जाणार हे त्यांना आठ दिवस आधी आवाजावरून कळतं. मला वाटलं, आवाज कमी कर म्हणून सांगायला आलेत.

“पोरी, कुणाचं इंजिन तापतंय गं ह्ये?” ते म्हणाले. “जिन्यात उभं राहून ऐकतोय मघापासनं. खालची झडप उघड की.”

मी आत जाऊन पाहिलं. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला होता आणि रेडिएटरची झडप बंद होती. मी ती उघडायला विसरले होते. तीन भिंती आणि एका बंद दारापलीकडून, कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून येणारा आवाज ऐकून या माणसाला ते कळलं होतं. त्या आवाजाच्या खरेपणाचं कौतुक करावं की त्या कानाचं, तेच मला सुचेना. मी त्यांना आत बसवलं आणि काटा खाली येईपर्यंत आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत राहिलो.

मग कळलं. काका बावीस वर्षं हवाई दलात होते. फिटर. इंजिन त्यांच्याकडे नव्हतं, बाकीचं सगळं होतं: पंख, शेपटी, चाकं, आणि पायलटच्या हातातली स्टिक ते पंखाची हलती पट्टी यांच्यामधल्या सगळ्या तारा. सुरुवातीची सहा वर्षं पंख्याच्या ट्रेनर विमानांवर, पुढे जेटवर. हजारो वेळा त्यांनी विमान तयार करून वर पाठवलं आणि खाली उभं राहून त्याची वाट पाहिली. स्वतः ते वर गेले ते मालवाहू विमानात, पोत्यांवर बसून. स्टिकला हात लावून कधीच नाही.

“एकदा उतरवायचं हाय,” ते म्हणाले. “उडवायचं काय, उडवंल कुनीबी. उतरवायचं.”

बोलताना त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. तो हात थरथरतो. वर्षभरापूर्वी सुरू झालं, आणि वाढत जाणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. काकू आता त्यांना चहा अर्धा कपच देतात. “पुढच्या साली चमचा धरंल का न्हाई, काय ठावं,” असं त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगून टाकलं. म्हणजे जे करायचं ते हात ऐकतोय तोवरच. मी म्हटलं, काका, दर रविवारी दोन वाजता या, बाकीचे यायच्या आत सराव करू.

ते आले ते शंभर पानी वही घेऊन. पहिल्या रविवारी मला वाटलं होतं, बसतील आणि थ्रॉटल पुढे ढकलतील. छे. आधी तपासणी. स्टिक डावीकडे, आणि मान वळवून डाव्या पंखाची पट्टी वर गेली का ते बघायचं. उजवीकडे, उजवा पंख. पुढे, मागे. पॅडल्स. प्रत्येक गोष्टीला वहीत बरोबरची खूण. आणि मग ते खुर्चीवरून उठले आणि मला म्हणाले, “आता तू.”

हा त्यांच्याकडचा नियम. स्टिकच्या तारांना हात लागला की एकाने तपासून भागत नाही. दुसऱ्याने पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासायचं, पहिल्याला काय सापडलं हे त्याला सांगायचं नाही, आणि मग दोघांनी सही करायची. स्क्रीनवरच्या विमानाच्या तारांना कोण हात लावणार? पण सह्यांवर चालणारी बाई मी. मला तो नियम इतका आवडला की मी मुकाट्याने सगळं पुन्हा तपासलं आणि त्यांच्या सहीखाली सही केली.

त्या रविवारी त्यांनी विमान चार वेळा आपटलं. पुढच्या रविवारी पाच वेळा. त्यांना सगळं येत होतं. वेग किती हवा, चाकं कधी सोडायची, नाक कुठे ठेवायचं, सगळं. पण जमीन जवळ आली की हात थरथरायचा, त्याबरोबर विमान थरथरायचं, आणि मग पंख टेकायचा. पाचव्यांदा विमान उलटं झालं तेव्हा ते हसले, पण वही मिटताना पान चुरगळलं.

मला ते बघवेना. आणि मी जे केलं ते सांगायची आजही लाज वाटते.

जॉयस्टिकच्या सेटिंगमध्ये एक सोय असते. स्टिकच्या मधला थोडा भाग बधिर करून ठेवता येतो. तेवढ्या भागात ती हलली तरी विमानाला कळत नाही. जुन्या, झिजलेल्या स्टिकसाठी लोक ती वापरतात. मी तो भाग वाढवत वाढवत अर्ध्या इंचापर्यंत नेला. काकांचा हात त्याच्या आतच थरथरेल, विमान शांत राहील, आणि ते उतरवतील. शनिवारी मी स्वतःचा हात मुद्दाम हलवून पाहिलं. छान चाललं. त्यांना सांगायचं नाही, असंही तेव्हाच ठरवलं. माणसाचं मन राखायचं म्हणून केलं, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी काका बसले. स्टिक डावीकडे नेली, आणि थांबले. परत मधे आणली. परत हळूच हलवली. मान वळवून पंखाच्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठले.

“आता तू,” म्हणाले.

मी बसले. स्टिक हलवली. पहिला अर्धा इंच पट्टी हलली नाही. मला ते माहीत होतं, ते मीच केलं होतं. काका माझ्या मागे उभे होते. कंटेनरमागून कंटेनर खोटे कागद पकडणारी मी म्हणाले, “ठीक आहे सगळं.” आणि सही केली.

त्यांनी वही माझ्याकडून घेतली. माझ्या सहीशेजारी, थरथरत्या हाताने, सावकाश लिहिलं: स्टिक ढिली, विमान उड्डाणास अयोग्य. वही मिटली आणि जिन्याने वर निघून गेले. एरवी लिफ्टने जातात.

तीन वाजता सगळे ऑनलाइन आले. मी उडाले आणि दोन मिनिटांत पडले. पुन्हा उडाले, पुन्हा पडले. शेवटी पॅडलवरून पाय काढले आणि पाचव्या मजल्यावर गेले. काकूंनी दार उघडलं. काका बाल्कनीत बसले होते, सारसोळेच्या खाडीकडे तोंड करून.

“काका, स्टिक मी ढिली केली होती,” मी उभ्या उभ्याच म्हणाले. “मुद्दाम.”

“ठावं हाय. आपोआप न्हाई व्हत ढिली.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “बावीस वर्सं म्या विमानं दिली, पोरी. येकाबी पायलटापासनं दोष लपवला न्हाई. पोरगं पयल्यांदा येकटं चाललं आसंल, पाय कापत आसतील, तरीबी सांगायचो, ह्यात ह्यो दोष हाय, सांबाळ. आन् आता पायलट मी. मला का न्हाई सांगितलंस?”

“कारण दोष विमानात नव्हता,” मी म्हणाले. “हातात होता.”

ते वळले. मला वाटलं, आता रागावतील.

“माजा हात मला म्हाईत हाय की,” ते म्हणाले. “विमान म्हाईत नव्हतं.”

मला रडू आलं, आणि ते लपवायला काही जागा नव्हती. काकूंनी माझ्यासाठी पूर्ण कप चहा आणला. तीन वर्षं मी लोकांना समजावून सांगत होते की थोडं सोपं केलं तर खेळ बिघडत नाही. ते खरंच आहे, आणि आजही मी तेच म्हणते. पण जे सोपं केलं ते उडवणाऱ्याला माहीत पाहिजे, ही साधी गोष्ट माझ्या एकाही नियमात नव्हती.

मी तो बधिर भाग शून्यावर आणला. पुढच्या रविवारी काकांनी तपासणी केली, मी केली, दोघांनी सह्या केल्या. आणि मग त्यांनी जे केलं ते मी आजपर्यंत कुणाला करताना पाहिलेलं नाही. विमान वर गेल्यावर त्यांनी उजवा हात स्टिकवरून काढून मांडीवर ठेवला.

“हाताची गरजच काय?” ते म्हणाले.

विमानाच्या शेपटीला एक बारीक पट्टी असते, तिला ट्रिम म्हणतात. ती थोडी फिरवली की नाक आपोआप हवं तिथे राहतं, पायलटला स्टिक धरून बसावं लागत नाही. थ्रॉटलशेजारच्या एका छोट्या चक्राने ती फिरते. आम्ही खेळणारे ती लांबच्या प्रवासात वापरतो आणि विसरून जातो. काकांनी आयुष्यभर अशाच पट्ट्या नीट केल्या होत्या. पायलट उतरून सांगायचा, जरा डावीकडे ओढतंय, आणि काका शिडी लावून पट्टी केसभर वाकवायचे. आता ते डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते चक्र फिरवत होते, पायांनी पॅडल्स दाबून वळत होते, आणि स्टिक मोकळी होती. पाय मुळीच थरथरत नव्हते. विमान अगदी शांत चाललं होतं. उतरताना शेवटी नाक उचलायला मात्र स्टिक लागतेच. तिथे ते दोनदा आपटले. तिसऱ्यांदा चाकं टेकली, विमान उसळलं, बाजूला घसरलं आणि एक पंख मोडला.

“आता सगळ्यांच्यात जाऊ दे मला,” काका म्हणाले. “मोकळ्या मैदानात काय, बैलगाडीबी उतरंल.”

मी त्यांचं वेगळं खातं उघडून दिलं. बाकीच्यांना सांगू का, म्हणून विचारलं. म्हणाले, एक अक्षर बोलायचं न्हाई. मी बोलले नाही. एकदा लपवून झाल्यावर, या वेळी न सांगणं त्यांच्या हुकमाने होतं एवढंच समाधान.

पुढच्या रविवारी तीन वाजता ते आमच्या रणांगणात उतरले. मी शेजारी इस्त्रीच्या टेबलावर बसले, कानाला हेडफोन. लढाई दूर समुद्रावर चालली होती. काकांनी धावपट्टीभोवती एक मोठी फेरी मारली, चाकं सोडली, चक्र फिरवलं, आणि विमान खाली येऊ लागलं. सरळ, सावकाश, ठरवून आखल्यासारखं. इतकी वर्षं खेळूनही माझं विमान असं कधी खाली आलेलं नाही. मला एकदम कळलं की मी हे उतरणं कधी नीट पाहिलंच नव्हतं. मला ते फक्त लढाईनंतरचं काम वाटायचं.

तेवढ्यात काचेवर ठिणग्या उडाल्या.

उतरणाऱ्या विमानावर गोळी झाडायची की नाही, यावर आमच्यात वर्षभर वाद झाला होता. झाडायची नाही, खेळाची मजा जाते, असं बरेच जण म्हणत होते. युद्धात कोण थांबतं, असं मी म्हणाले होते, आणि निर्णय माझाच होता. आता काळं तेल काचेवर पसरलं, इंजिन दोनदा खोकलं, आणि पंखा फिरायचा थांबून समोर उभा राहिला. माझा हात आपसूक स्टिककडे गेला.

“हात काढ,” काका म्हणाले.

मी हात काढला. इंजिन बंद पडल्यावर प्रत्येकजण एकच चूक करतो, घाबरून नाक वर ओढतो. त्यांनी चक्र उलट फिरवून नाक खाली केलं. धावपट्टी दूर होती आणि जमीन समोर. आवाज फक्त वाऱ्याचा. कुंपण खालून सरकलं. मग त्यांनी थरथरता उजवा हात उचलून स्टिकवर ठेवला आणि मागे ओढला. नाक वर आलं, हाताबरोबर थरथरत, खाली-वर, खाली-वर, पण वर आलं. चाकं गवताला लागली. धावपट्टीच्या अलीकडेच. विमान धावलं, एक चाक मोडलं, पंखावर कललं, फिरलं आणि थांबलं. स्क्रीनवर अक्षरं आली: विमान निकामी, पायलट सुखरूप.

मी किंचाळलेच. हेडफोनमध्ये काय बोलले ते मला आठवत नाही, पण काका, पंच्याहत्तर वर्षं, पहिल्यांदा, असं काहीतरी सगळ्यांना ऐकू गेलं असावं, कारण लढाई थांबली. मग उरणच्या क्रेनवाल्याचा आवाज आला.

“सॉरी काका. मना म्हायतच नव्हता. मना वाटला कोन दुसरा हाय. म्हायत असता तं मी मारलाच नसता.”

काकांनी हेडफोन मागायला हात पुढे केला. तो चांगलाच थरथरत होता. मी त्यांच्या डोक्यावर तो नीट बसवला आणि माइक तोंडासमोर आणला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्याकडे नाही, पंखावर कललेल्या त्या विमानाकडे बघत होते.

“माफी कशापायी मागतोस, लेका?” ते म्हणाले. “तू मला खाली पाडाया आलतास न्हवं? म्हंजी मी वर हुतो.”